टेलोमिअर आणि वार्धक्य : कॅरल ग्रायडर यांच्या संशोधनाच्या अनुषंगाने एक आढावा

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे त्यांची टोके ९२. या प्रत्येक टोकावर टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा डीएनए-क्रम शेकडो ते हजारो वेळा लागोपाठ आलेला असतो आणि त्याला विशिष्ट प्रथिने चिकटलेली असतात. डीएनए व प्रथिने यांच्या या रचनेला टेलोमिअर म्हणतात. गुणसूत्राचे टोक शाबूत राखणे हे तिचे काम. पेशीत तुटलेला डीएनए हुडकून जोडणारी यंत्रणा सतत जागी असते. गुणसूत्राचे नैसर्गिक टोक तिला तुटका डीएनए वाटले, तर ती दोन टोके एकमेकांना जोडून टाकते आणि पुढच्या विभाजनात गुणसूत्रे फाटतात. टेलोमिअर हा घोळ टाळते. वार्धक्याच्या जीवशास्त्रात या रचनेला एवढे महत्त्व का आले आणि त्यातले कितपत टिकले, हा या आढाव्याचा विषय आहे. त्यासाठी कॅरल ग्रायडर यांच्या चार दशकांच्या संशोधनाचा मागोवा घेणे सर्वांत सोयीचे, कारण या प्रश्नाच्या जवळपास प्रत्येक वळणावर त्यांच्या प्रयोगशाळेचे काम आढळते.

गुणसूत्रांच्या टोकांत काही वेगळे आहे, हे डीएनएची रचना कळण्याआधीच ध्यानात आले होते. हर्मन म्यूलर यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर क्ष-किरण सोडले, तेव्हा गुणसूत्रे अनेक ठिकाणी तुटून नव्याने जोडली गेली. पण मूळ टोके या उलथापालथीत कधी सामील झाली नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी या टोकांना टेलोमिअर हे नाव दिले. त्याच काळात बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांना मक्यात तेच दिसले : तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, नैसर्गिक टोके चिकटत नाहीत.

वार्धक्याचा धागा दुसरीकडून आला. अलेक्सी कॅरेल यांच्या प्रयोगांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी समजूत रूढ झाली होती, की शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी अमर असतात. कोंबडीच्या हृदयाच्या पेशी त्यांच्या प्रयोगशाळेत ३० वर्षांहून अधिक काळ वाढत असल्याचे सांगितले जाई. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ही समजूत खोडून काढली. माणसाच्या सामान्य पेशी साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. त्या लगेच मरत नाहीत; जिवंत राहतात, पण विभागत नाहीत. पेशी गोठवून ठेवल्या आणि काही काळाने पुन्हा वाढवल्या, तरी त्या आधी जिथे थांबल्या होत्या तिथूनच मोजणी पुढे सुरू करत. पेशीत कुठेतरी विभाजनांची नोंद राहत होती, पण ती कशात, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तराची दिशा मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्‌निकोव यांना सुचली, तीही भुयारी रेल्वेच्या स्थानकात. डीएनएची नक्कल करणारे विकर म्हणजे रुळांवरून जाणारी गाडी मानली, तर रुळाचा जो भाग सुरुवातीला गाडीच्याच खाली आहे त्याची नक्कल तिला करता येणार नाही, असे त्यांच्या मनात आले. दर विभाजनात टोकाचा थोडा भाग गळत जातो आणि हीच पेशीची मोजणी असावी, असे त्यांनी १९७१ मध्ये रशियनमध्ये व १९७३ मध्ये इंग्रजीत मांडले. नक्कल अपुरी राहण्याची अडचण १९७२ मध्ये जेम्स वॉटसन यांनी स्वतंत्रपणे दाखवली होती, पण तिचा वार्धक्याशी संबंध ओलोव्‌निकोव यांनी जोडला. त्यांचे काम बराच काळ उपेक्षित राहिले, याची खंत वाटावी इतके ते अचूक होते.

टेलोमिअर प्रत्यक्षात कशाचे बनलेले आहे, ते एका तळ्यातल्या एकपेशीय जिवाने सांगितले. टेट्राहायमेना या त्या जिवाच्या मोठ्या केंद्रकात छोटी छोटी गुणसूत्रे हजारोंच्या संख्येने असतात, त्यामुळे टोकांचा अभ्यास करायला यासारखा जीव नाही. येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे काम करताना एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना या टोकांवर टीटीजीजीजीजी हा क्रम २० ते ७० वेळा आलेला आढळला. हे काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जॅक शोस्टाक यांच्याबरोबर त्यांनी हीच टोके यीस्टमधल्या सरळ डीएनएला जोडून पाहिली. एरवी यीस्ट असा सरळ डीएनए नष्ट करते, पण टेट्राहायमेनाची टोके लावलेला डीएनए टिकला. त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे दिसली. यीस्टने त्या परक्या टोकांवर स्वतःच्या धाटणीची अक्षरे जोडली होती. टोके नुसती गळत नव्हती, कोणीतरी त्यांची भरही घालत होते. हे विकर शोधायचे काम ब्लॅकबर्न यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत १९८४ मध्ये आलेल्या विद्यार्थिनीने अंगावर घेतले. ती विद्यार्थिनी म्हणजे कॅरल ग्रायडर.

ग्रायडर यांचा जन्म १९६१ साली सॅन दिएगोत झाला. त्या सहा वर्षांच्या असताना आई गेली. शाळेत डिस्लेक्सियामुळे शुद्धलेखन जमेना, म्हणून त्यांना वेगळ्या शिकवणीला बसवले जाई, आणि आपल्याला अक्कल कमी आहे असे त्यांना वाटत राहिले. शब्दांचे आकारच पाठ करून त्यांनी वाट काढली. पदवी चांगल्या गुणांनी मिळाली, पण पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुण बेताचेच होते. अर्ज केलेल्या बहुतेक विद्यापीठांनी त्यांना नाकारले. बर्कलीने दार उघडले.

शोध घ्यायच्या विकराबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हते, त्यामुळे प्रयोगाची मांडणीच मुख्य अडचण होती. ग्रायडर यांनी टेट्राहायमेनाच्या पेशी फोडून त्यांचा अर्क काढला. त्यात टीटीजीजीजीजी चार वेळा आलेला कृत्रिम एकपदरी डीएनएचा तुकडा टाकला आणि सोबत किरणोत्सारी खूण असलेली अक्षरे दिली. विकर असेल तर ते तुकड्याची लांबी वाढवील, आणि वाढलेले तुकडे जेलवर वेगवेगळ्या अंतरावर पसरतील. २५ डिसेंबर १९८४ रोजी, नाताळच्या दिवशी, त्या प्रयोगशाळेत एकट्या गेल्या आणि त्यांनी एक्स-रे फिल्म पाहिली. फिल्मवर वरपर्यंत चढत गेलेल्या पट्ट्या होत्या आणि त्या दर सहा अक्षरांनी गडद होत होत्या. सामान्य डीएनए-विकर असा सहाचा ठेका धरत नाही.

पण तेवढ्याने भागणार नव्हते. पेशीच्या अर्कात डीएनए जोडणारी इतर विकरेही असतात, ती असे चित्र निर्माण करत नाहीत ना, हे पाहायला हवे होते. सर्वांत निर्णायक पुरावा दुसऱ्या एका चाचणीतून मिळाला. ग्रायडर यांनी अर्कात यीस्टच्या टेलोमिअरचा तुकडा टाकला, तरी त्यावर टेट्राहायमेनाचीच अक्षरे जोडली गेली. नमुना तुकड्यातून येत नव्हता. विकर तो आपल्याबरोबर बाळगत होते. हे काम १९८५ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात आले. पुढची चाचणी आरएनए नष्ट करणारे विकर मिसळण्याची होती, आणि ते मिसळताच टेलोमिअरवरची भर थांबली. १९८९ मध्ये ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी त्या आरएनएचा क्रम उलगडला. तो १५९ अक्षरांचा होता आणि त्यात टेलोमिअरची उलट प्रत असलेला सीएएसीसीसीसीएए हा छोटा भाग होता. टेलोमरेज हे नाव रूढ झालेले हे विकर म्हणजे एक प्रथिन आणि त्याने सोबत बाळगलेला आरएनएचा साचा, असे सिद्ध झाले. प्रथिनाचा भाग टॉम चेक यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका एकपेशीय जिवातून १९९७ मध्ये ओळखला गेला आणि पाठोपाठ माणसातही मिळाला.

टेलोमरेजच्या या शोधात इथपर्यंत वार्धक्याचा संबंध आलेला नाही. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण टेलोमरेजचा शोध लांब आयुष्याच्या ध्यासातून लागला, असा समज बरेचदा आढळतो. ग्रायडर यांना टोकांचे कोडे सोडवायचे होते, इतकेच. वार्धक्याकडे वळण आले ते कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत. तिथे ग्रायडर १९८८ मध्ये स्वतंत्र संशोधक म्हणून रुजू झाल्या. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे कॅल्विन हार्ले, कोल्ड स्प्रिंग हार्बरचे ब्रूस फुचर आणि ग्रायडर यांनी माणसाच्या त्वचेतील पेशींची एकामागून एक विभाजने होऊ दिली आणि टेलोमिअरची लांबी मोजली. दर दुपटीला सुमारे ५० अक्षरे कमी होत गेली. १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या निबंधाने ओलोव्‌निकोव यांचा तर्क आणि हेफ्लिक यांचे निरीक्षण पहिल्यांदा एका आकड्यात आणले.

संगती म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे या निबंधानेही गृहीत धरले होते. कारण सिद्ध करण्यासाठी उलट प्रयोग हवा होता, आणि तो १९९८ मध्ये झाला : सामान्य मानवी पेशींत टेलोमरेजच्या प्रथिनाचे जनुक घातले की त्या हेफ्लिकची मर्यादा ओलांडून विभागत राहतात. टेलोमिअर खूप आखूड झाले की त्यावरची प्रथिनांची रचना टिकत नाही आणि पेशीचा दुरुस्ती-यंत्रणेला दिला जाणारा धोक्याचा इशारा कायम वाजत राहतो, हे पुढे स्पष्ट झाले. ही रचना समजावण्यात रॉकफेलर विद्यापीठातील टिटिया डी लांग यांचा वाटा मोठा आहे. टोकाचा एकपदरी डीएनए वळून दुपदरी भागात घुसतो व फास तयार होतो, हे त्यांनी व जॅक ग्रिफिथ यांनी १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

मग सर्व पेशींत टेलोमरेज सुरू का नसते? याचे उत्तर कर्करोगात आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत १२ प्रकारच्या १०१ गाठींपैकी ९० मध्ये टेलोमरेज आढळले. सामान्य उतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. शरीरातल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असते. जननपेशी, काही मूळपेशी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींत ते काही प्रमाणात चालू असते. अमर्याद वाढू पाहणाऱ्या पेशीला टोकांच्या गळतीने चाप बसतो. त्यामुळे आखूड होत जाणारे टेलोमिअर ही शरीराची चूक नसून मोल देऊन विकत घेतलेले संरक्षण आहे, हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागतो. तो ध्यानात न घेता टेलोमरेजकडे चिरतारुण्याचे औषध म्हणून पाहणे धोक्याचे ठरते.

वार्धक्याबद्दलचा खरा धडा उंदरांनी शिकवला. १९९७ मध्ये मारिया ब्लास्को, रोनाल्ड डीपिन्हो आणि ग्रायडर यांच्या गटांनी टेलोमरेजच्या आरएनएचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. हे उंदीर लवकर म्हातारे होतील, अशी अपेक्षा होती. पहिल्या पिढीला काहीच झाले नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात आणि आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचे, हे त्याचे कारण. पण पिढी दर पिढी टोके आखूड होत गेली आणि सहाव्या पिढीपर्यंत वृषण, अस्थिमज्जा, आतडी अशा सतत पेशी बनवणाऱ्या उती खंगल्या. केस पांढरे झाले, जखमा भरेनात, प्रजनन थांबले.

जॉन्स हॉपकिन्सला आल्यावर ग्रायडर यांच्या गटाने या उंदरांपासून दोन महत्त्वाच्या गोष्टी शिकून घेतल्या. पहिली, २००१ मधली : पेशीच्या दृष्टीने टेलोमिअरची सरासरी लांबी नव्हे, तर सर्वांत आखूड टोके निर्णायक ठरतात. टेलोमरेज परत मिळालेल्या पिलांत ते नेमके त्याच टोकांवर भर घालत होते. दुसरी गोष्ट २००५ मधली, आणि ती जास्त खोल जाणारी आहे : जनुक पूर्ण निरोगी असलेले पिल्लू जर आखूड टोके असलेल्या आईबापांच्या पोटी आले, तर त्यालाही उतींचे विकार होतात. म्हणजे आखूड टेलोमिअर स्वतःच वारसा म्हणून येते, दोषी जनुक सोबत असो वा नसो.

माणसांतली उदाहरणे याच वाटेवर सापडली. डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. यात नखे बिघडतात, त्वचेचा रंग ठिपक्याठिपक्यांनी बदलतो, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि बरेचदा अस्थिमज्जा निकामी होते. १९९८ ते २००१ या काळात हे टेलोमरेजच्या यंत्रणेतले दोष असल्याचे उघड झाले. मेरी आर्मानियोस आणि ग्रायडर यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले, की पिढी दर पिढी विकार लवकर आणि तीव्र स्वरूपात दिसतो. आजीचे केस अकाली पांढरे झाले एवढेच असते, मुलाला फुप्फुसाचा आजार होतो आणि नातवाची अस्थिमज्जा तरुणपणीच थकते. २००७ मध्ये आर्मानियोस व सहकाऱ्यांना कुटुंबात चालत आलेल्या फुप्फुसाच्या फायब्रोसिसच्या ७३ कुटुंबांपैकी ६ मध्ये टेलोमरेजचे दोष आढळले. वृद्धापकाळाशी निगडित असलेला, फुप्फुसांचा पडदा जाड करून श्वास कोंडणारा हा आजार टेलोमिअरच्या आखूडपणामुळे होऊ शकतो, हे त्यातून कळले. आज अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशींतील टेलोमिअरची मोजणी काही रुग्णालयांत निदानासाठी केली जाते. ती कोणत्या औषधापासून दूर राहायचे आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची आखणी कशी करायची, हे ठरवायला उपयोगी पडते.

नाण्याची दुसरी बाजू अलीकडे अधिक ठळक झाली. टेलोमरेजच्या जनुकाच्या नियंत्रक भागात एखादे अक्षर बदलून ते चालू राहिले, तर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१३ मध्ये हे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. टोकांना संरक्षण देणाऱ्या पीओटी१ या प्रथिनाचे दोषही टेलोमिअर लांबवतात आणि कुटुंबांत कर्करोग आणतात. आनुवंशिक घटकांवरून केलेली २०१७ मधली एक मोठी तपासणीही हेच सुचवते : लांब टेलोमिअर असलेल्यांत हृदयविकार कमी, पण अनेक कर्करोगांचा धोका जास्त. लांब म्हणजे उत्तम, हे समीकरण इथे मोडते.

सर्वाधिक गाजलेला आणि सर्वाधिक ताणला गेलेला भाग म्हणजे लांबीवरून जगणे मोजण्याचा प्रयत्न. २००४ मध्ये ब्लॅकबर्न, एलिसा एपेल व सहकाऱ्यांनी ५८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांत बराच भाग दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या मातांचा होता. ज्यांना ताण सर्वांत जास्त वाटत होता, त्यांच्या रक्तपेशींतील टेलोमिअर किमान एका दशकाच्या वयाइतके आखूड असल्याचे निघाले. निष्कर्ष महत्त्वाचा होता, पण नमुना लहान होता, आणि एका वेळचे मोजमाप आखूड होत जाण्याचा वेग सांगत नाही. पुढे चाचणी विकणाऱ्या कंपन्या आल्या. त्या वेळी ग्रायडर यांनी उघडपणे सांगितले, की निरोगी माणसांत लांबीचा पल्ला इतका रुंद आहे की एका माणसाच्या आकड्यावरून त्याचे ‘जैविक वय’ सांगता येत नाही. हा सावधपणा आपल्या सहकारी आणि गुरू ब्लॅकबर्न यांच्याशी मतभेद पत्करूनही त्यांनी राखला, आणि शास्त्राच्या दृष्टीने तोच योग्य ठरतो.

लांबीवर ताणाखेरीज कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. स्त्रियांचे टेलोमिअर सरासरीने पुरुषांपेक्षा लांब असतात. जास्त वयाच्या पित्याच्या मुलांचेही लांब असतात, कारण शुक्रजंतूंत टेलोमरेजमुळे लांबी वयाबरोबर वाढते. अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहिले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशींतील टेलोमिअर सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध लांबले आणि पृथ्वीवर परतल्यावर लवकरच आखूड झाले. रक्तातला आकडा शरीरात नेमके काय घडत आहे हे सांगतो की रक्तातल्या पेशींचे प्रमाण बदलले एवढेच, हा प्रश्न अशा प्रत्येक अभ्यासाला विचारावा लागतो. शिवाय मेंदूतील चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायुपेशी प्रौढपणी जवळजवळ विभागतच नाहीत. त्यांचे वार्धक्य विभाजनांच्या मोजणीने उलगडत नाही. २०१३ मध्ये कार्लोस लोपेझ-ओतीन आणि सहकाऱ्यांनी वार्धक्याची नऊ लक्षणे मांडली, त्यांत टेलोमिअरची झीज ही एक होती. एवढी जागा तिला रास्त आहे.

उपचारांच्या बाजूने काम दोन्ही दिशांनी चालू आहे. ब्लास्को यांच्या गटाने २०१२ मध्ये निरुपद्रवी विषाणूतून टेलोमरेजचे जनुक उंदरांना दिले. एक वर्षाच्या उंदरांचे मध्यक आयुष्य २४ टक्के आणि दोन वर्षांच्यांचे १३ टक्के वाढले, आणि कर्करोग वाढला नाही. मानवी टेलोमिअर-विकारांत डॅनाझोल या औषधाने टेलोमिअर लांबल्याचे २०१६ मध्ये २७ रुग्णांच्या छोट्या चाचणीत दिसले. तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. विरुद्ध दिशेचे औषध म्हणजे इमेटेलस्टॅट. ते टेलोमरेजच्या आरएनए साच्यालाच चिकटून विकर बंद पाडते. जून २०२४ मध्ये अमेरिकेत, रक्त वारंवार चढवावे लागणाऱ्या मायलोडिस्प्लास्टिक विकाराच्या काही रुग्णांसाठी, त्याला मान्यता मिळाली.

२००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना विभागून मिळाले. पहाटे फोन आला तेव्हा ग्रायडर घरातले कपडे घडी घालत होत्या. विज्ञानाचे एक नोबेल दोन स्त्रियांना एकत्र मिळण्याची ती पहिली वेळ होती. पुरस्कारानंतर काम थांबले नाही. सान्ता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्यावर ग्रायडर यांचा गट नॅनोपोअर तंत्राने एकेका गुणसूत्राच्या टोकाची स्वतंत्र लांबी वाचू लागला. १४७ माणसांच्या अभ्यासात २०२४ मध्ये त्यांना दिसले, की काही टोके ठरावीकपणे लांब आणि काही ठरावीकपणे आखूड असतात, फरक ६,००० अक्षरांहूनही अधिक असू शकतो आणि तो नवजात बाळांतही आढळतो. सर्व टोकांची सरासरी लावणाऱ्या जुन्या मोजमापांतून हा नकाशा दिसत नव्हता. प्रत्येक टोकाची लांबी पेशी वेगळी कशी ठरवते आणि सर्वांत आधी निकामी होणारे टोक ठरलेलेच असते का, हे प्रश्न आता थेट प्रयोगाने तपासता येऊ लागले आहेत.